आमच्या घरातले सहा गठ्ठे

अडीच-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची कन्या तेव्हा पाचवीत होती. एका रविवारी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, त्या तारखेच्या चौकटीत, पेन्सिलीने मारलेल्या बारीक उभ्या रेघा आम्हाला दिसल्या. दुधाचा हिशेब असेल असे वाटले. रात्री जेवताना तिनेच खुलासा केला, "पप्पा, तुम्ही सकाळपासून अकरा वेळा 'वेळ नाही' म्हणालात." आम्ही काही बोलणार एवढ्यात आमच्या सहचारिणी म्हणाल्या, "बाराव्यांदा म्हणू नका. आधी जेवून घ्या."

आम्ही हसलो, पण मनात थोडे खट्टू झालो. कारण आम्ही रिकामटेकडे नव्हतो. त्या रविवारी सकाळी विहारात वंदना, मग एका सभेचे पत्रक, दुपारी एका दुःखद प्रसंगी भेट, चारला कार्यकारिणीची बैठक, आणि मध्ये मध्ये मोबाइलवर 'जयभीम भाऊसाहेब, एक काम होतं' अशी सुरुवात होणारे पंधरा-वीस फोन. समाजाचे काम करणाऱ्या माणसाला वेळ नसणे ही आम्हाला तेव्हा जवळजवळ पदवीच वाटत असे. नावापुढे बी.कॉम. लावतात तशी.

वाचक बंधू-भगिनींनो, या लेखात आम्ही कोणाला उपदेश करणार नाही. वेळेच्या नियोजनावर बाजारात पुष्कळ पुस्तके आहेत. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, दहा ध्येये लिहून काढा, असे त्यांत असते. ज्याच्या घरी नळाला पाणी केव्हा येईल ते ठरलेले नाही, त्याने कोणत्या पाण्याने आंघोळ करावी हे मात्र त्यांत नसते. आम्ही फक्त आमच्या हातून काय चुकले आणि त्यानंतर आम्ही काय केले तेवढे सांगणार आहोत.

आम्ही कार्यालयात लिपिक आहोत. तेथे आमचे टेबल नेहमी नीटनेटके असते. तपासणीला आलेल्या साहेबांनी दोनदा इतर टेबलांना आमचे टेबल दाखवले आहे. याचे श्रेय आमच्या स्वभावाला नसून सहा गठ्ठे पद्धतीला आहे. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत काम केलेल्या कोणालाही ही पद्धत ठाऊक असते. टेबलावर येणारा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे, सातवा गठ्ठा नाही. पहिला प्रलंबित प्रकरणांचा, म्हणजे ज्यावर आपल्यालाच काहीतरी करायचे आहे असे कागद. दुसरा प्रतीक्षाधीन प्रकरणांचा. आपण पत्र पाठवले आहे, आता दुसऱ्याच्या उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकांचा, म्हणजे दर आठवड्याला, दर महिन्याला ठरलेल्या तारखेस जाणारी विवरणपत्रे. चौथी स्थायी आदेशांची संचिका. पाचवा अभिलेख कक्षात पाठवायच्या कागदांचा आणि सहावा नष्ट करायच्या कागदांचा. कागद किती काळ ठेवायचा याचेही वर्ग ठरलेले आहेत. 'अ' म्हणजे कायमचा, 'ब' म्हणजे तीस वर्षांचा, आणि 'ड' वर्गाचे आयुष्य एका वर्षाचे.

शेजारच्या अहमदनगर जिल्ह्यात, ज्याला आता अहिल्यानगर म्हणतात, १९८०च्या दशकात अनिलकुमार लखिना नावाच्या जिल्हाधिकाऱ्यांनी कार्यालयाची मांडणी आणि कागदांची शिस्त अशी काही बसवली की 'लखिना पॅटर्न' हा शब्दच रूढ झाला. नोकरीला लागल्यावर आमच्या ज्येष्ठांनी आम्हाला पहिला धडा दिला तो गठ्ठ्यांचाच. ते म्हणत, "बाबा रे, काम जास्त असल्यानं माणूस मरत नाही. कोणतं काम कुठं ठेवलंय हे न कळल्यानं मरतो."

पण ही सारी शिस्त सायंकाळी सव्वासहाला कार्यालयाच्या दाराशी संपत असे. आमच्या खांद्यावर एक कापडी पिशवी असते. त्या पिशवीत शिष्यवृत्तीचे अर्ज, रेशनकार्डाच्या झेरॉक्स, कोणाच्या वडिलांच्या मृत्यूचा दाखला, विहाराच्या पावत्या, जयंतीच्या वर्गणीची वही, सभेचे इतिवृत्त, सगळे एकावर एक. जो माणूस भेटला त्याचा कागद वर. त्यामुळे जो रोज भेटे त्याचे काम रोज वर येई आणि जो भेटायला संकोच करी त्याचा कागद तळाशी जाई.

अशा तळाशी गेलेल्या एका कागदाची ही हकीकत आहे.

आमच्या वस्तीत एक मावशी कॅम्प भागात चार घरची धुणीभांडी करतात. पती नाहीत. त्यांची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली आणि प्रवेश परीक्षेतही तिला चांगले गुण पडले. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते. तिचा अर्ज महाविद्यालयामार्फत गेलेला होता, पण समितीने त्रुटी काढली. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा आणि जातीचा पुरावा द्यावा लागतो. मुलीच्या वडिलांचा दाखला होता, आजोबांचाही होता, पण तो त्या तारखेनंतरचा. पणजोबा किंवा त्यांचे भाऊ गावच्या शाळेत दोन-चार यत्ता शिकले असतील तर जुन्या जनरल रजिस्टरचा उतारा, नाहीतर तहसीलमधून कोतवाल बुकाची नक्कल, असे काहीतरी पाहिजे होते.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात ज्या शब्दाकडे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाठ फिरवली, तोच शब्द त्या पिवळ्या पडलेल्या रजिस्टरात शोधायला आज नातवंडांना जावे लागते. बौद्ध म्हणून केंद्राच्या सवलती मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. त्या सवलतींच्या दाराशी उभे राहायचे तर अजूनही तो जुना शब्द दाखवावाच लागतो. त्यात दुःख आहे, पण त्या पोरीपुढे तेव्हा दुःखाचा नव्हे तर तारखेचा प्रश्न होता.

त्यांचे मूळ गाव बागलाण तालुक्यातले, सटाण्याच्या पुढे. मावशींना तेथे ओळखणारे कोणी उरले नव्हते. आम्ही म्हणालो, "काळजी करू नका. शनिवारी जाऊन उतारा आणतो." शनिवार आम्हाला मोकळा असतो. राज्य सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२०पासून पाच दिवसांचा आठवडा झाला, रोजची वेळ थोडी वाढली आणि सगळे शनिवार सुटीचे झाले. (पुढच्याच महिन्यात टाळेबंदी आली, ही गोष्ट वेगळी.)

पहिल्या शनिवारी एका सहकाऱ्याचा सेवानिवृत्तीचा सत्कार होता. सूत्रसंचालन आमच्याकडे. दुसऱ्या शनिवारी आषाढ पौर्णिमेच्या तयारीची बैठक होती. विहारात वर्षावासानिमित्त ग्रंथवाचन सुरू व्हायचे होते, ते काम काही कमी महत्त्वाचे नव्हे. तिसऱ्या शनिवारी मात्र आम्ही ज्या कामाला गेलो त्याची आज लाज वाटते. एका संघटनेच्या तालुका शाखेची फेररचना होती आणि सरचिटणीस कोण यावर साडेतीन तास वाद झाला. आम्ही त्या वादात दोनदा उभे राहून बोललो. दोन्ही वेळा टाळ्या पडल्या. सटाण्याची गाडी त्या वेळी मोसम पुलावरून केव्हाच निघून गेली होती.

चौथ्या शनिवारी आम्ही गेलो. गावात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते आणि शाळेला कुलूप होते. शनिवारची शाळा सकाळची असते हे आम्हाला माहीत नव्हते काय? आमची स्वतःची मुलगी दर शनिवारी सकाळी शाळेत जाते! पण आम्ही आदल्या रात्री उशिरापर्यंत फलकाचा मजकूर पाहत बसलो, सकाळी उठायला उशीर झाला आणि हातची गाडी गेली. पुढच्या आठवड्यात किरकोळ रजा टाकायला पाहिजे होती. रजा शिल्लकही होती, पण ती आम्ही सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाण्यासाठी राखून ठेवली होती. एक दिवस कमी झाला असता तर बाबासाहेब आमच्यावर रागावले नसते, हे आता कळते.

दरम्यान मावशींनी एकदाच विचारले होते, तेही वाटेत भेटल्यावर. आम्ही म्हणालो, "मुदतवाढ होईल, घाबरू नका." अशी मुदतवाढ काही वर्षी मिळालेली आहे, ती आम्ही गृहीत धरली. शेवटी उतारा मिळाला. पणजोबांचे धाकटे भाऊ १९३८ साली पहिलीत दाखल झाले होते, त्यांची नोंद अगदी स्पष्ट होती. तो उतारा घेऊन आम्ही नाशिकला गेलो तेव्हा मुलीची प्रवेशाची तारीख उलटून सहा दिवस झाले होते. राखीव जागा गेली. खुल्या प्रवर्गाची फी भरण्याचा प्रश्नच नव्हता. मुलीने गावातच बी.एस्सी.ला प्रवेश घेतला.

आम्ही सांगायला गेलो तेव्हा मावशी भांडी घासून आल्या होत्या, हात अजून ओले होते. त्या रागावतील म्हणून आम्ही मनाची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, तुमच्यामागं कामं भरपूर. आम्हीच मधी मधी आठवण द्यायला पाहिजे होती." मुलगी आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही.

त्या रात्री आम्ही पिशवी उपडी केली. शब्दशः जमिनीवर उपडी केली. त्या मुलीचे प्रकरण कार्यालयात आमच्या टेबलावर आले असते तर ते दुसऱ्या, प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात गेले असते आणि त्या गठ्ठ्याचा नियमच असा की दर आठवड्याला तो उघडून पाहायचा, उत्तर आले नसेल तर स्मरणपत्र काढायचे. काम दुसऱ्याकडे गेले म्हणजे आपले काम संपले, असे होत नाही. दुसऱ्याकडे दिवस लागणार म्हणूनच ते काम आपल्याकडून सर्वांत आधी सुटले पाहिजे. फलकाचा मजकूर रात्री अकरालाही लिहून होतो, त्याला कोणाचा शिक्का लागत नाही. रजिस्टरचा उतारा मात्र मुख्याध्यापक जागेवर असतील त्याच वेळी मिळतो. ही साधी गोष्ट आम्ही वीस वर्षे पगार घेऊन दररोज पाळत आलो आणि आपल्या माणसांसाठी एक दिवस पाळली नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही विहारात भाषण केले होते. बाबासाहेबांच्या जयंतीनिमित्त आपल्याकडे ठिकठिकाणी मुलांना सलग अठरा तास अभ्यासाला बसवतात, तसा उपक्रम आमच्या मुलांनीही ठेवला होता. उपक्रम चांगला आहे, पोरे खरोखर बसतात. आम्ही उद्घाटनाला अठरा या आकड्यावर पाऊण तास बोललो. पिशवी उपडी केल्यावर आम्ही घरातले चरित्र पुन्हा काढले आणि १९१७ ते १९२३ एवढाच भाग परत वाचला. अठरा तासांच्या आकड्याने आम्ही इतके दिपून गेलो होतो की त्या सहा वर्षांत बाबासाहेबांनी कोणती कामे बाजूला ठेवली इकडे आमचे लक्षच गेले नव्हते.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. विद्यापीठाकडून त्यांनी चार वर्षांच्या आत परत येऊन शिक्षण पुरे करण्याची परवानगी मिळवली होती. म्हणजे डोक्यावर तारीख होती. १९१८मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगारातून पैसे साठवले. ३१ जानेवारी १९२०ला 'मूकनायक' सुरू केला. मार्च १९२०मध्ये माणगावची परिषद झाली, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना भरसभेत समाजाचा पुढारी म्हणून गौरवले. आता विचार करा. हाती स्वतःचे पत्र, पाठीशी महाराज, समोर जागा होत असलेला समाज. आमच्यासारखा एखादा असता तर म्हणाला असता, आता कुठे जाऊ? समाजाला माझी गरज आहे! बाबासाहेब जुलै १९२०मध्ये बोटीत बसले. सहा महिन्यांचेही न झालेले 'मूकनायक' त्यांनी दुसऱ्यांच्या हाती सोपवले, साठवलेले पैसे, महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते लंडनला गेले. १९२१मध्ये एम.एस्सी., १९२३मध्ये डी.एस्सी., आणि बॅरिस्टरीही. 'मूकनायक' मात्र त्यांच्या माघारी टिकले नाही, १९२३मध्ये बंद पडले. ती किंमत त्यांनी मोजली. पुढे १९२७मध्ये 'बहिष्कृत भारत' निघाले ते बॅरिस्टर डॉ. आंबेडकरांचे होते.

आणि त्याच पानांत एक नाव येते, ते आम्ही भाषणात एका वाक्यात उरकले होते. त्या तीन वर्षांत परळच्या चाळीतले घर कोणी चालवले? माता रमाईने. बाबासाहेबांचे अठरा तास मोजले जातात, रमाईंचे तास कोणी मोजले नाहीत. हे वाक्य आमचे नव्हे. आमच्या सहचारिणींनी ते त्या रात्री, जमिनीवर पसरलेले कागद गोळा करू लागता लागता, सहज उच्चारले.

मग आम्ही घरीच सहा गठ्ठे लावायचे ठरवले. पिठाच्या गिरणीजवळच्या दुकानातून सहा साध्या फायली आणल्या. कन्येने त्यांच्यावर स्केचपेनने नावे लिहिली. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, असे मोठे शब्द लिहिताना तिला फार मजा वाटली. पहिल्या दोन गठ्ठ्यांत काय जाते ते पटकन ठरले. अडले ते तिसऱ्याशी.

आम्ही विचारले, "आपल्या घरात नियतकालिके कोणती? वीजबिल, गॅस, विहाराची मासिक वर्गणी..."

सहचारिणी म्हणाल्या, "अहो, नियतकालिक म्हणजे काय?"

"दररोज किंवा ठरलेल्या दिवशी करावंच लागतं ते."

"मग लिहा. पाणी येईल तेव्हा उठून भरणं. सकाळचा डबा, तुमचा आणि पोरीचा. तुमच्या आईंच्या गोळ्या, तीन वेळा. कपडे. दळण. तुमच्याकडे येतात त्या सगळ्यांचा चहा. ब्लाउजांची शिलाई, ती रात्री. लिहिताय ना?"

आम्ही लिहीत होतो. पान भरले. या सगळ्या यादीत आमच्या नावापुढे वीजबिल आणि गॅस एवढेच आले. कार्यालयात नियतकालिक विवरणपत्र एक दिवस चुकले तर ज्ञापन मिळते, वेळेवर गेले तर कोणी दखलही घेत नाही. घरातही अगदी तेच होते. फरक एवढाच की तिथे त्या कामाचा पगार मिळतो. "एक दिवस मी माझा गठ्ठा प्रलंबित ठेवते, मग बघा," त्या म्हणाल्या. त्या हसत होत्या, पण ती नोटीस होती हे आम्ही ओळखले. आईच्या गोळ्या आणि पोरीचा डबा तेव्हापासून आमच्याकडे आहे. डब्यात पहिले दोन महिने फक्त बटाटा जात होता, अशी तक्रार कन्येने वर्गात केली असल्याचे नंतर कळले.

सहावा गठ्ठा लावणे सर्वांत अवघड गेले. कागद फाडणे सोपे असते, पदे फाडणे कठीण. आम्ही मोजले तेव्हा पाच समित्यांवर आमचे नाव होते. सहचिटणीस, निमंत्रक, सल्लागार, आणखी काय काय. पैकी तीन पदांचे राजीनामे लिहिले. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी फोन करून विचारले, "कोणावर नाराज आहात का?" आम्ही म्हणालो, "नाही दादा, शनिवार पाहिजेत." त्यांना ते पटले नसावे. आमच्यामागे आम्ही दुसऱ्या गटात गेल्याची चर्चा महिनाभर चालली. मोबाइलवरचे चाळीस-पंचेचाळीस गट होते, त्यांतले सहा ठेवले. सुप्रभातीचे संदेश 'ड' वर्गातलेही नव्हते, त्यांना एक वर्षाचे आयुष्य तरी कशाला?

यानंतर ठरला तो शुक्रवार. मालेगावबाहेरच्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, आमच्या गावात यंत्रमाग शुक्रवारी बंद असतात. इतर दिवशी गावाच्या त्या अर्ध्या भागात मागांची खडखड दिवसरात्र चालू असते आणि मागावरच्या माणसाची पाळी बहुधा बारा तासांची. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती १९४६मध्ये झाली. त्याआधी १८९०मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. आम्ही रविवारी अकरा वेळा 'वेळ नाही' म्हणतो तो रविवार कोणीतरी भांडून आणलेला आहे. पण लहान लहान शेडमधल्या मागापर्यंत ते ४८ तास अजून पोचलेले नाहीत. अशा माणसाला आम्ही "उद्या या", "सोमवारी फोन करा" असे सांगत होतो. त्याचा एक फेरा म्हणजे एका दिवसाची मजुरी, हा हिशेब आमच्या बी.कॉम.च्या डोक्यात कधी शिरला नव्हता.

म्हणून आता शुक्रवारी सायंकाळी सात ते नऊ आम्ही विहारात बसतो. आमच्याबरोबर दोन तरुण मुले असतात, दोघेही आमच्यापेक्षा संगणकात तरबेज. वस्तीतले, शेजारच्या मोहल्ल्यातलेही, लोक कागद घेऊन येतात. शिष्यवृत्ती, स्वाधार योजना, उत्पन्नाचा दाखला, वैधता. इतर दिवशी कोणी फोन केला तर नाव आणि काम वहीत उतरवतो आणि शुक्रवारी यायला सांगतो. प्रसंग खरोखर निकडीचा असेल, दवाखाना किंवा पोलीस, तर गोष्ट निराळी. वहीत आम्ही एकच जास्तीचा रकाना आखला आहे, 'कोणासाठी कोण थांबले आहे'. ज्याच्या रकान्यात मुलाचे किंवा मुलीचे वर्ष थांबलेले असते त्याचे नाव आधी. मग तो माणूस आम्हाला रोज भेटो वा न भेटो.

सेवेचा हक्क देणारा कायदा महाराष्ट्रात २०१५ साली आला. कोणता दाखला किती दिवसांत मिळाला पाहिजे याचा फलक कार्यालयात लावलेला असतो. आमच्या दोन मुलांनी तो फलक वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला आहे. अर्ज केला त्या दिवशीच पुढची तारीख वहीत पडते, आणि ती उलटली की अपील. पूर्वी आम्ही ओळखीच्या लिपिकाला फोन लावत होतो. स्वतः लिपिक असून सांगतो, ओळखीपेक्षा तारीख बरी. ओळख एकाच्याच कामाला येते, आणि त्याचा नंबर दुसऱ्याच्या आधी लावते.

सगळे सुरळीत झाले असे कृपया समजू नये. एप्रिल महिन्यात सहाही फायली कपाटावर जातात आणि पिशवी पुन्हा खांद्यावर येते. जयंतीच्या महिन्यात गठ्ठे लावून दाखवणारा कार्यकर्ता आम्हाला अजून भेटायचा आहे. गेल्या वैशाख पौर्णिमेच्या आधी एका वृद्ध बाबांच्या पेन्शनचा कागद पुन्हा तळाशी गेला होता. तो सहचारिणींना सापडला. त्या आता दर गुरुवारी रात्री प्रतीक्षाधीनची फाईल स्वतः उघडतात. धम्मपदाचा दुसरा वर्गच अप्पमादवग्ग आहे. त्याच्यावर आम्ही वर्षावासात प्रवचने दिलेली आहेत, पण अप्रमाद म्हणजे गुरुवारी रात्री साडेनऊला चष्मा शोधून फाईल उघडणे, हे आम्हाला त्यांच्याकडे पाहून कळले.

त्या मुलीचे वैधता प्रमाणपत्र पुढे तीन महिन्यांनी आले. ती आता बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. शुक्रवारी विहारात येते आणि मुलींचे अर्ज भरून देते. आमच्याशी कामापुरते बोलते. एकदा आम्ही तिला विचारायला गेलो, की पुढे काय करायचे ठरवले आहे. ती म्हणाली, "काका, तुमच्या वहीत तारीख टाकायची राहिली आहे, ती आधी टाका."

काल गुरुवारी फाईल उघडली तेव्हा वरच एक कागद होता. एका मुलाच्या आजोबांचा उतारा, गाव पुन्हा सटाण्याच्याच बाजूचे. आज शुक्रवार, विहारात जायचे आहे. उद्या शनिवार, शाळा सकाळची. पहाटेची गाडी धरायची म्हणून कन्येने गजर साडेचारचा लावून ठेवला आहे. डबा आम्हालाच करायचा असल्याने बटाटे आत्ताच उकडून ठेवले आहेत.